स्टिअरिंगमधला तीन सेंटिमीटरचा प्ले

गेल्या पावसाळ्यात माझ्या 2006 सालच्या मारुती 800 चं स्टिअरिंग ढिलं झालं. निफाडकडच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने मी याच गाडीतून नाशिकला आणतो. चाकं सरळ असतानाही स्टिअरिंग हातात थोडं डावी-उजवीकडे हलायचं, आणि खड्डा आला की खालून ‘खट्’. गॅरेजवाले मामा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "रॅक गेली. बदलून टाक."

तेव्हा फेलोशिप चार महिने थकलेली होती आणि नवीन रॅक माझ्या महिन्याच्या खोलीभाड्यापेक्षा महाग. मी ठरवलं, आधी स्वस्तातलं करून बघू. टाय रॉड एंड दोन्ही बाजूंचे बदलले. दोन दिवस स्टिअरिंग मस्त वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘खट्’. काढून ठेवलेले जुने एंड हातात घेऊन हलवून पाहिले, तर ते चांगले घट्ट होते! म्हणजे पैसे वाया. शिवाय किती फरक पडला तेही सांगता येईना, कारण बदलण्याआधी मी काही मोजलंच नव्हतं.

पीएचडीला येणाऱ्या प्रत्येकाने ही चूक नीट बघून ठेवावी. परवडतं म्हणून एखादं गृहीतक आधी तपासणं ठीक आहे. पण ‘आधी’चं मोजमाप नसेल तर ‘नंतर’ला काही अर्थ राहत नाही. पैसे खर्च केले की फरक ‘वाटतोच’.

मग वही घेतली. पट्टी लावून स्टिअरिंगच्या कडेवरचा प्ले मोजला : 3 सेंटिमीटर. आता यंत्रणा बघा. स्टिअरिंगचा दांडा खाली एका छोट्या दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला फिरवतो. पिनियन रॅक नावाच्या दातेरी दांड्याला आडवं सरकवतं. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि ते चाकं वळवतात. माझ्या 800 ला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पंप, तेल, नळ्या ही भानगड नाही.

स्टिअरिंगची त्रिज्या साधारण 18 सेंटिमीटर. 3 भागिले 18 रेडियन म्हणजे सुमारे साडेनऊ अंश. समजा एका पूर्ण फेऱ्यात रॅक 40 मिलिमीटर सरकते, तर साडेनऊ अंशांत ती सरकते जेमतेम 1 मिलिमीटर. हाताला तीन सेंटिमीटर जाणवणारी ढिलाई मुळात एवढीशी! आणि तीसुद्धा एकाच सांध्यातली असेल असं नाही. साखळीतल्या सगळ्या सांध्यांची झीज हातापाशी बेरीज होऊन येते. म्हणून लक्षण एक असलं तरी सांधे वेगवेगळे तपासावे लागतात.

तपासणी अशी केली. पुढचं चाक जॅकने उचललं, खाली स्टँड लावला (नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका). चाक घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून हलवलं : घट्ट. म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट ठीक. 9 आणि 3 वर धरून हलवलं : प्ले होता. रबर बूटवरून आतला सांधा चिमटीत धरला, तो स्थिर. मग चाकं टेकवून मित्राला स्टिअरिंग हळू हलवायला सांगितलं आणि मी गॅरेजच्या पिटमध्ये उतरलो. पिनियनचा दांडा फिरत होता, रॅक मात्र किंचित उशिरा हलत होती. सापडलं!

रॅकवर प्ले कमी करायचा एक स्क्रू असतो. मामांनी तो थोडा आवळला. मधला प्ले गेला, पण वळणावर स्टिअरिंग जड झालं आणि सोडल्यावर परत येईना. कारण साधं आहे : गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधलेच दात झिजतात. मध्यावर बरोबर बसणारं माप कडेच्या न झिजलेल्या दातांना जास्त होतं. स्क्रू पुन्हा पूर्ववत केला. म्हणजे मामांचा अंदाज पहिल्या दिवसापासून बरोबर होता. आता मला तो का बरोबर होता, हेही कळलं.

नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी घेतली. जुना माल घेताना बूट सरकवून आत गंज आहे का पाहा, मधले दात कडेच्या दातांशी ताडून पाहा आणि पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडकतं का बघा. मी तिसरी रॅक घेतली; पहिल्या दोन नापास झाल्या.

बसवताना टाय रॉड एंड काढण्याआधी आटे मोजून लिहून ठेवले. नवी-जुनी रॅक टोकापासून टोकापर्यंत फिरवून, एकूण फेऱ्यांच्या निम्म्यावर आणून मध्य ठरवला. स्प्लिट पिना नव्या घातल्या. त्या दोन-चार रुपयांत वाचवू नका. शेवटी अलाइनमेंट, कारण मोजलेले आटे गाडी तिथवर नेण्यापुरतेच. आणि हे सगळं मामा शेजारी उभे असताना. स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन गोष्टी एकट्याने शिकायच्या नसतात.

आता प्ले 8 मिलिमीटर आहे. वहीत तारखेसह लिहिलंय. त्याच्या वरच्या ओळीत, टाय रॉड एंडच्या दुरुस्तीपुढे, ‘आधी’च्या रकान्यात मात्र नुसती रेघ आहे. ती मी खोडलेली नाही.