फळा स्पष्ट दिसतो, मग पुस्तक का त्रास देते?

गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलावाच्या काठी उभे राहून पलीकडच्या झाडीकडे पाहा. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्यासमोर सुमारे २५ सें.मी. अंतरावर पेन्सिल धरा. झाडीकडे पाहाल तेव्हा पेन्सिलीचे टोक पुसट होईल. टोकाकडे पाहाल तेव्हा झाडी पुसट होईल. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणार नाहीत. असे का व्हावे?

कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूसाठी भिंग पुढे सरकवतात. डोळ्यात मात्र भिंगाचा फुगीरपणाच बदलतो. दूर पाहताना भिंगाभोवतीचा स्नायू सैल असतो. भिंगाला धरणारे तंतू ताणलेले राहतात व भिंग चपटे होते. जवळ पाहताना स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैलावतात आणि भिंग फुगते. यालाच समायोजन म्हणतात. २५ सें.मी. वरील अक्षरांसाठी डोळ्याला १ ÷ ०.२५ म्हणजे ४ डायॉप्टर जादा शक्ती लागते.

आता दूरदृष्टिता असलेल्या मुलाचा विचार करा. त्याचा नेत्रगोल बहुधा किंचित आखूड असतो. त्यामुळे दूरचे पाहतानाही त्याच्या स्नायूला काम करावे लागते. कोवळ्या वयात भिंग लवचीक असल्याने हे सहज जमते, आणि ६ मीटरवरचा तक्ता तो बिनचूक वाचतो! पण वाचनाचा भार वर पडला की स्नायू थकतो. काही मुलांचे समायोजनच कमी पडते. काहींचे दोन्ही डोळे जवळ पाहताना एकत्र आत वळत नाहीत व अक्षरे दुहेरी दिसतात.

ही लक्षणे ओळखा : वाचनानंतर कपाळ दुखणे, अक्षरे पुसट होणे, ओळ चुकणे, वाचताना एक डोळा झाकणे, पुस्तकावरून फळ्याकडे नजर नेल्यावर काही क्षण अंधुक दिसणे.

घरी एक प्रयोग करा. चष्मा असल्यास तो लावूनच एक डोळा झाका व बारीक छपाई हळूहळू जवळ आणा. अक्षरे पुसट होऊ लागतील ते अंतर मोजा. तुमच्या वयात ते साधारण ८ ते १० सें.मी. असते. तुमचे अंतर याच्या दुप्पट भरले, किंवा दोन्ही डोळ्यांत बराच फरक आढळला, तर डोळे तपासून घ्या. मात्र प्रयोग नीट पार पडला तरी वरील त्रास असल्यास तपासणी टाळू नका. क्षणभर जमणे आणि तासभर टिकणे यांत फरक आहे. नेत्रतज्ज्ञ थेंब घालून स्नायू सैल करतात, तेव्हा लपलेला दोष उघडा पडतो. दुसऱ्याचा चष्मा लावून पाहणे हा त्यावर उपाय नव्हे.

चाळिशीनंतर भिंग ताठर होते, म्हणून गुरुजी वर्तमानपत्र दूर धरतात. त्यांची अडचण सर्वांना कळते. पण वर्गातील एखादा मुलगा पाच मिनिटांत पुस्तक मिटतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : 'बाळ, अक्षरे तुला शेवटपर्यंत स्पष्ट दिसतात ना?'