सोमवार नावाची राजधानी

दुशान्बेला पोचले तो नेमका सोमवार होता. ताजिकिस्तानच्या या राजधानीच्या नावाचा अर्थही सोमवारच! ‘शंबे’ म्हणजे शनिवार, ‘दु’ म्हणजे दोन. शनिवारनंतरचा दुसरा दिवस. इथल्या खेड्यात सोमवारी बाजार भरायचा, त्यावरून हे नाव पडलं. १९२९ ते १९६१ या काळात शहर स्तालिनाबाद होतं. मग जुनं नाव परत आलं.

रुदाकी मार्गावरच्या झाडांच्या सावलीतून चालत गेले आणि कुरुतोब खाल्लं. वाळवलेल्या दह्याचे गोळे पाण्यात कालवून पापुद्र्यांच्या पोळीच्या तुकड्यांवर ओततात, वर कांदा घालतात. एकाच लाकडी काठवटीत सगळ्यांचे हात!

पण पाय खिळले ते पुरावस्तू संग्रहालयात. सुमारे १३ मीटर लांबीची, उजव्या कुशीवर पहुडलेली बुद्धमूर्ती. १९६६ मध्ये अजिना-तेपाच्या उत्खननात ती सापडली. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातलं महापरिनिर्वाण मी लहानपणी आजीचं बोट धरून पाहिलं होतं. तिथं कातळ, इथं कच्ची माती. चेहऱ्यावरची शांतता मात्र तीच. वस्त्राच्या चुण्यांवर नजर फिरवताना मला घरापासून दूर आल्यासारखं वाटेना. या शहरात एकदा तरी जाच.