कऱ्हाड दिसतं, पण सापडत नाही

आज एका क्वेरीची गोष्ट. मी बंगळुरूत डेटाबेस सांभाळतो. एका शिष्यवृत्तीची तालुकावार यादी काढायची होती. कऱ्हाडच्या यादीत एका मुलीचं नावच नाही. तिचा अर्ज टेबलात समोर दिसतोय, तालुक्याच्या रकान्यात ‘कऱ्हाड’ लिहिलंय, आणि बरोबर तोच शब्द टाकला तर ही ओळ येत नाही!

माझा पहिला संशय लोकेलवर. पोस्टग्रेसमध्ये कोलेशन मराठी-भारत, एन्कोडिंग यूटीएफ-८, क्लायंटचंही तेच. सगळं ठीक. इथेच माझा तास गेला. कारण पोस्टग्रेसचं नेहमीचं कोलेशन फक्त क्रम ठरवतं. दोन शब्द समान आहेत का, हे तो शेवटी बाइट जुळवूनच सांगतो. लोकेल मराठी केलं म्हणून त्याला मराठी वाचता येत नाही.

मग लांबी मोजली. आमच्या शब्दाची ६ अक्षरचिन्हं, तिच्या ओळीत ७. डोळ्यांना एकच दिसणारा हा शब्द तीन प्रकारे साठवता येतो. एक, सरळ ‘ऱ’ घेऊन. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की हाच येतो. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. तीन, ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे जोडचिन्ह. ही युनिकोड २.० च्या वेळची पद्धत. दुसरा आणि तिसरा, दोन्ही ७ चिन्हांचे. म्हणून नुसती लांबी पुरत नाही, कन्व्हर्ट_टू वापरून बाइट बघायचे. तिच्या ओळीत ई२ ८० ८डी निघाले, म्हणजे जोडचिन्ह.

दुरुस्ती करताना मी जवळजवळ चूक केली होती. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. एनएफसी रूपात ते नुक्तावाला प्रकार ‘ऱ’मध्ये बदलतं, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. तेव्हा मी म्हटलं, जोडचिन्ह पुसूनच टाकू. तसं केलं तर रफार वर चढतो आणि गावाचं ‘कर्हाड’ होतं! म्हणून ‘र’, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालायचं. आधी रिप्लेस, मग नॉर्मलाइझ. डेटा भरतानाही हेच, आणि शोधायला आलेल्या शब्दावरही हेच. एकाच बाजूला केलंत तर परत तीच रड. त्या रकान्यावर युनिक इंडेक्स असेल तर आधी सिलेक्ट करून बघा, कारण एकाच नावाच्या दोन नोंदी आता खरोखर एक होतील आणि अपडेट अडेल.

यादी पुन्हा काढली, मुलीचं नाव आलं. वऱ्हाडाचं काय, तेही मग तपासलं.

‘ॲ’चं प्रकरण मात्र वेगळं आहे. ते २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडत. या दोन रूपांना युनिकोड समान मानतच नाही, त्यामुळे तिथे नॉर्मलाइझ काही करत नाही. ते रिप्लेसनेच बदलावं लागतं.