उष्टावण झालं, आता वाटीत काय?

पहिला घास थाटामाटात भरवला जातो. पण बाळसं टिकतं ते दुसऱ्या दिवसापासून वाटीत काय पडतं, त्यावर.

चांदीची वाटी, चांदीचा चमचा, भाच्याला मांडीवर घेऊन बसलेला मामा आणि बाळाच्या ओठांना टेकवलेली खीर. उष्टावणाचा हा सोहळा घराघरांत हौसेने होतो. बंगालमध्ये त्याला मुखेभात म्हणतात, केरळमध्ये चोरूणु. नाव कोणतंही असो, बाळाला अन्नाची ओळख करून द्यायची वेळ आली, ही जाण त्यामागे आहे.

पण पाहुणे पांगले, फोटो काढून झाले की खरा प्रश्न उभा राहतो. उद्यापासून काय द्यायचं?

अशाच एका घरातली साडेसात महिन्यांची मुलगी. उष्टावण होऊन दीड महिना झाला होता आणि तेव्हापासून तिचं वजन जागचं हललं नव्हतं. घरात कशाचीच उणीव नव्हती. सकाळी वरणाचं पाणी, दुपारी तांदळाची पातळ पेज, संध्याकाळी फळाचा रस आणि मधूनमधून बाटलीतून गाईचं दूध. ‘‘पोटभर घेते हो,’’ आजी डॉक्टरांना सांगत होत्या. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पोट भरत होतं, पण अंगाला काही लागत नव्हतं.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा द्यावं लागत नाही. त्यानंतर मात्र दोन गोष्टी बदलतात. बाळाची भूक दुधापेक्षा मोठी होते आणि जन्माच्या वेळी त्याच्या शरीरात असलेला लोहाचा साठा संपत येतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. म्हणून वरचं अन्न वेळेवर सुरू व्हायला हवं.

‘आमच्या वेळी चौथ्या महिन्यातच भरवायचो,’ असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्या चुकीचं सांगत नसतात. पूर्वी चार ते सहा महिन्यांदरम्यान सुरुवात करा, असाच सल्ला दिला जाई. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध, अशी शिफारस केली.

मान सावरता येणं, आधाराने बसता येणं, आपल्या ताटाकडे टक लावून हात पुढे करणं आणि तोंडात घातलेला घास जिभेने बाहेर न ढकलणं, ही बाळ तयार झाल्याची लक्षणं.

पातळ का नको?

बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे साडेसात किलोच्या बाळाचं पोट साधारण सव्वादोनशे मिलिलिटरचं. ते वरणाच्या पाण्याने भरलं, तर डाळ तळाशी पातेल्यातच राहते आणि बाळाच्या वाट्याला पाणी येतं.

आईचं दूध नीट चालू असेल, तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात आणि नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००. पातळ पाण्यातून त्या मिळणं कठीण. उलट पाच ग्रॅम तुपात ४५ कॅलरी असतात. गुरगुट्या भातावर सोडलेला चमचाभर तूप हा नुसता लाड नव्हे, तो आहाराचा भाग आहे.

अन्न किती घट्ट हवं? चमचा तिरका केला तर ओघळू नये, एवढं.

२०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांनाच पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. हा प्रश्न केवळ गरिबांच्या झोपडीतला नाही.

वाटीत काय असावं?

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा करावी. मऊ भात आणि घट्ट वरण, मुगाच्या डाळीची खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, भोपळा किंवा गाजर, असं घरातलंच काहीही चालतं. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा आणि तो तीन दिवस मानवतो का ते पाहावं. हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा जावं. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावं आणि मिक्सरला सुट्टी द्यावी. मऊ कुस्करलेलं, थोडं दाणेदार अन्न बाळ हिरड्यांनीही चावतं.

लोहासाठी डाळी, पालेभाज्या द्याव्यात आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा किंवा खिम्यासारखं बारीक केलेलं चिकन सहा महिन्यांनंतर जरूर द्यावं. लोहाचे थेंब द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावं.

नाचणीही उत्तम. ती रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळावी. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारं विकर तयार होतं, त्यामुळे खिरीचा गोळा होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. कापडातून गाळून सत्त्व काढण्यापेक्षा हे पीठ बरं, कारण नाचणीच्या सालातही बरंच कॅल्शियम असतं.

हे मात्र टाळा

एक वर्षापर्यंत मध चाटवू नका. त्यात क्वचित असे जंतू असतात, जे बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मीठ आणि साखर घालू नका. आपल्याला अळणी लागतं, बाळाला नाही. गाईचं दूध बाटलीभर दिलं की अन्नाला जागा उरत नाही आणि लोहही मिळत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकून जिवावर बेतू शकतं. फळाच्या रसाऐवजी फळच कुस्करून द्या. बाटली नको, वाटी-चमचा हवा, आणि भरवण्याआधी दोघांचेही हात साबणाने धुतलेले हवेत.

घास थुंकला तर?

थुंकणं म्हणजे नावड नव्हे. नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा द्यावी लागते. नाक दाबून कोंबू नये, मोबाइलवर गाणी लावून भुलवूही नये. मान फिरवली की जेवण संपलं असं समजावं आणि थोड्या वेळाने पुन्हा बघावं. आईचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू द्यावं. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक पोषण त्यातूनच मिळतं.

त्या साडेसात महिन्यांच्या मुलीच्या घरी डॉक्टरांनी कोणतंही टॉनिक लिहून दिलं नाही. बाटली बंद झाली. वरणाचं पाणी काढणं थांबलं आणि तळातली डाळ वर आली. भात, भोपळा, तूप त्यात मिसळू लागलं. पहिले चार दिवस निम्मं अंगावर, निम्मं जमिनीवर. आजींनी लाळेरं बदलता बदलता कुरकुर केली, पण चमचा सोडला नाही. महिन्याने काटा पुढे सरकला होता. ‘‘पाण्यावर कुठे पोर वाढतं?’’ आजीच आता शेजारणीला सांगतात.