मोझॅकची जुनी फरशी उखडायची की पॉलिश करायची? निर्णयाआधी हे तपासा

भोर, पुणे : घरातले जुने कपाट जागेवरून सरकवले की खालची फरशी अचानक नव्यासारखी दिसते. बाकी खोली मात्र मळकट, पिवळट. पावसाळा संपून भोर-वेल्ह्यात घरांच्या डागडुजीला वेग आला की अशा फरशीबाबत पहिला सल्ला हमखास मिळतो, 'काढून टाका, नवीन टाइल्स बसवा.' पण कपाटाखालचा तो तुकडाच सांगतो, की फरशी बहुतेक वेळा संपलेली नसते, फक्त तिचा वरचा पापुद्रा घासला गेलेला असतो.

मोझॅक म्हणजे नेमके काय?

आपण जिला मोझॅक म्हणतो, तिलाच जगभर 'टेराझो' म्हणतात. मूळ इटलीतल्या व्हेनिसचे. संगमरवराच्या चिप्स, सिमेंट आणि रंग यांचे मिश्रण घोटून गुळगुळीत केले जाते. मुंबईत 1922 मध्ये भारत टाइल्स ही स्वदेशी कंपनी सुरू झाली आणि परदेशी टाइल्सना देशी सिमेंटच्या फरशीचा पर्याय मिळाला. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींपासून गावातल्या स्लॅबच्या घरापर्यंत मोझॅक पोहोचली.

पुन्हा चमक येते कशी?

व्हिट्रिफाइड टाइलची चकाकी वरवरची असते. मोझॅक टाइलमध्ये मात्र चिप्सचा थर साधारण 5 ते 6 मिलिमीटर जाड असतो. पॉलिशमध्ये त्यातला अगदी थोडा भाग घासला जातो आणि खालच्या ताज्या चिप्स वर येतात. म्हणूनच ही फरशी एकापेक्षा अधिक वेळा पॉलिश करता येते.

पॉलिशचे टप्पे

- पहिला हात : 60 नंबरच्या कार्बोरंडम दगडाने. ओरखडे आणि उंच-सखल कडा जातात.
- भरणी : बारीक छिद्रे आणि सांधे फरशीच्याच रंगाच्या सिमेंटने भरतात. हा भराव काही दिवस ओला ठेवून पक्का होऊ द्यावा लागतो. घाई होते ती इथेच.
- दुसरा आणि तिसरा हात : आधी 120, मग 320 नंबरच्या दगडाने.
- शेवट : ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. सरकारी बांधकामांच्या मानकांत तिचे प्रमाण चौरस मीटरला 33 ग्रॅम आहे. संगमरवरातल्या कॅल्शियमशी तिची प्रक्रिया होऊन वर घट्ट, चकचकीत थर तयार होतो.

दर चौरस फुटावर ठरतो. त्यामुळे बोलणी करतानाच किती हात मारणार आणि भरणी धरली आहे का, हे विचारून घ्यावे.

आधी ओल तपासा

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, मुसळधार पावसाचा. डोंगरउतारावरच्या घरांत जोत्यातून ओल वर येते आणि सांध्यांवर पांढरा लोणा दिसतो. अशा फरशीला पॉलिश केले, तरी पुढच्या पावसाळ्यात लोणा पुन्हा उमटतो. आधी घरामागच्या पाण्याला वाट काढावी, मग पॉलिश. कोरडे महिने यासाठी सोयीचे.

फरशीवर नाण्याने टकटक करूनही पाहावे. पोकळ आवाज आला, तर ती टाइल सुटलेली आहे. ती आधी पक्की बसवावी लागते. टाइल्स मोठ्या प्रमाणात खचल्या किंवा चिप्सचा थरच संपून खालचे सिमेंट दिसू लागले असेल, तर मात्र फरशी बदललेली बरी.

जीव सांभाळा

मशीन पाण्यात चालते आणि वीजही तिथेच असते. त्यामुळे जोडणी अर्थिंग असलेल्या, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच हवी. वायरचे जोड जमिनीवर नकोत. मशीन सिंगल फेजचे की थ्री फेजचे, हे आधी विचारावे. गावात ऐनवेळी काम अडते ते यावरूनच. कोरडे घासू देऊ नये, ती धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे वापरावेत, मुलांना दूर ठेवावे आणि शेवटी फरशी भरपूर पाण्याने धुवावी. घासकामाचा सिमेंटचा गाळ मोरीत किंवा ओढ्यात सोडू नये. तो मोरीत घट्ट होऊन बसतो. खड्ड्यात साठवून सुकवावा.

चमक टिकवायची तर

रोज साधे पाणी, अधूनमधून सौम्य साबण पुरे. लिंबू, व्हिनेगर आणि बाथरूमचे ॲसिड टाळावे. संगमरवर ॲसिडने खरवडला जातो आणि एका थेंबाचाही डाग राहतो.

नवीन टाइल्स जुन्यावर बसवल्या तर जमिनीची पातळी वाढते, दारे खालून कापावी लागतात. उखडल्या तर राडारोडा आणि आठवडाभर घरात धूळ. त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी एकदा कपाट सरकवून पाहावे. बहुतेक घरांत निम्मा निर्णय तिथेच होतो.