सहा मीटरची रेघ

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. आग आटोक्यात येत होती. वारा सुटला आणि ती पुन्हा भडकली. ही माणसं आगीसमोर उभी राहतात तेव्हा त्यांच्या हातात नेमकं काय असतं, हे त्या बातमीनंतर मला पाहायचंच होतं. म्हणून एका एप्रिलमध्ये भंडारा जिल्ह्यात, कोका अभयारण्याच्या कडेच्या एका गावात गेलो.

पारा ४४ च्या घरात होता. मैदानी भागात ४५ अंशांना हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं; इथे त्याला नुसता उन्हाळा म्हणतात. हा तलावांचा जिल्हा. पण पाणी खाली माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलावांत, आणि जंगल वर चढावर. सागानं पानं टाकलेली, धावडा उघडा पडलेला, पायाखाली घोट्याएवढा पाला. त्यात पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढतात: ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं, वारा पडलेला असताना माणसं उभी करून जाळायचं. आग इथवर आली की पुढे खायला काही उरू नये, एवढाच हिशेब. आम्ही चाललो ती रेषा सहा मीटर रुंद होती.

त्या रेषेवर काम करणाऱ्या मजुराला सगळे मामा म्हणत. पन्नाशीचा माणूस. डोक्याला दुपट्टा, पायात तळ झिजलेले कापडी बूट, पाठीवर पाल्याचा ढीग उडवणारा ब्लोअर. रेषा एकदा जाळली की काम संपलं, असं मी समजत होतो. मामा म्हणाले, "झाडं काय एकाच दिवशी पानं टाकतेत का जी? आज झाडलं, उद्या पुन्हा तेवढंच." मग वर बघून म्हणाले, "सागाचं पान जळत जळत उडते. सहा मीटर तं ते एका झोक्यात पार करते."

दुपारी सोबतच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर निरोप आला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीची सूचना थेट बीटपर्यंत येते. ही खरोखर मोठी सोय आहे. पण उपग्रहाला दिसते ती ३७५ मीटरची चौकट. त्या चौकटीत आग कुठे आहे, कुठे सरकते आहे, हे चालत जाऊनच कळतं. आणि चालतात मामा.

आग लहान होती, गुडघ्याच्या खालची. ती आधी दिसली नाही, वासानं कळली: धुरात मिसळलेला, भाजलेल्या मोहफुलांचा गोड, जडसर वास. तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मामांनी हिरव्या पानांची जाड फांदी तोडली. फांदी उंच उगारायची नाही, नाहीतर ठिणग्या उडतात. ती ज्वाळेवर दाबून आत, जळालेल्या बाजूला ओढायची. वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, बाजूनं शिरायचं. चार जणांनी कड विझवली, मग धुमसणारी खोडं माती टाकून बुजवली. मी वीस पावलांवर उभा होतो तरी चेहरा चटचटत होता. मामांच्या तोंडावर फक्त तो दुपट्टा. त्या फांदीशिवाय त्यांच्या हातात काहीही नव्हतं.

बहुतेक आगी माणसांनीच लावलेल्या असतात, असं वनरक्षक म्हणाला. ते खरंच आहे. तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणून कुणी जाळतं. मोहाखालचा पाला पेटवतात तो फुलं दिसावीत म्हणून. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. कायदा असावाच. मात्र संध्याकाळी मामांच्या ओट्यावर मोहफुलं वाळत घातलेली दिसली, आणि ती वेचणारी त्यांचीच बायको होती.

"फूल पहाटे पडते जी," मामी म्हणाल्या. "उजाडलं की शेरड्या खातेत. पाल्यात हात घालून किती येचू? इच्चू राह्यते, साप राह्यते." त्या झाडाभोवती आधी गोल झाडून घेतात, मगच पेटवतात, आणि विझेपर्यंत हलत नाहीत. पण सगळ्याच जणी तेवढं थांबत नाहीत. ज्या घरातून काडी जाते त्याच घरातून फांदी घेऊन माणूस धावतो, आणि दोन्हीकडे हातात पडते ती मोजकी रोजी. या घराला दोषी ठरवून मोकळं होणं मला जमत नाही.

मोहाखाली जाळी बांधली तर फूल त्यात पडतं, मातीला लागत नाही आणि पाला जाळायची गरजच राहत नाही. अशा जाळ्या काही गावांत वाटल्या गेल्या आहेत. मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भेटली तं कायले पेटवू मी? पाच झाडं हायेत आमची. पाच जाळ्या लागतीन, लिहून घ्या."

मी वहीत लिहीत होतो. मामा ओट्याच्या कडेला बसून बुटाला सुतळी आवळत होते. तिथूनच म्हणाले, "त्याच्या आंधी बूट लिवा जी. आगीत हे कापड पायाले चिपकते."