वासुकी राहू द्या, इंडोहायसकडे बघा

कच्छच्या पनांध्रो खाणीत जीवाश्मरूपात सापडलेला वासुकी एप्रिल 2024 मध्ये भाव खाऊन गेला. अकरा ते पंधरा मीटरचा साप म्हटल्यावर मथळे होणारच. माझा जीव मात्र वासुकीवर संशोधन करणाऱ्या आयआयटी रुरकीच्याच सुनील बाजपेयी यांच्या एका जुन्या शोधनिबंधात अडकलाय. अमेरिकेतल्या हान्स थेविसन यांच्यासोबत त्यांनी तो 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिला होता. त्यातला प्राणी थोराड बोक्याएवढा, काटकुळ्या पायांचा आणि खुरांचा. नाव इंडोहायस, वय सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षं.

वडोदऱ्याजवळच्या बाजव्याच्या रेल्वे वसाहतीतली नाहीतर खत कारखान्यातली मराठी कुटुंबं पाहुण्यांना हमखास कमाटीबागेतल्या संग्रहालयात नेतात. तिथे 1944 मध्ये महीच्या मुखाशी आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. त्या अजस्र धुडाचा इंडोहायस हा हरणासारखा चिमुकला प्राणी नातलग आहे, असं सांगितलं तर पाहुणे हसतील.

पुरावा कानात सापडला, तोही अपघाताने. भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनी जम्मू-काश्मीरच्या राजौरीतल्या कालाकोटहून जमवलेले दगड त्यांच्या निधनानंतर वर्षानुवर्षं तसेच पडून होते. त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. दगड फोडताना सहायकाच्या हातून एका कवटीचा कानाजवळचा भाग तुटला आणि मधल्या कानाला झाकणाऱ्या हाडाची आतली भिंत दिसली. ती चांगलीच जाड होती. अशी ठेवण तोवर फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. मग बाकीची हाडं तपासली, तर पायांची हाडंही पाणघोड्यासारखी जड आणि भरीव निघाली. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही पाण्यातल्या वावराकडेच बोट दाखवलं. थोडक्यात, हा गडी पाण्यात तळाशी चालत असावा. आफ्रिकेतलं पाण्याकाठचं पिसोरी हरीण आजही शत्रू दिसला की पाण्यात बुडी मारून बसतं.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. देवमाशांचे पूर्वज मासे खायला पाण्यात उतरले, असं आपण धरून चाललो होतो. थेविसन यांचं म्हणणं उलट: आधी लपायला उतरले, मासे खाणं मागाहून आलं.

‘देवमाशाचा आजोबा’ अशा मथळ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस हा आदिम देवमासा साधारण याच काळातला, म्हणजे इंडोहायस फार तर चुलतभाऊ. शिवाय आजच्या प्राण्यांपैकी देवमाशांचा सर्वांत जवळचा भाऊबंद पाणघोडा, असं जनुकं सांगतात. इंडोहायसला या वंशवृक्षात नेमकं कुठे बसवायचं यावरही अभ्यासकांत वाद झाला.

वाद चालू दे. कमाटीबागेत त्या सांगाड्याशेजारी कालाकोटच्या कवटीची एक प्रतिकृती ठेवायला काय हरकत आहे? वासुकीचा पंधरा मीटरचा पुतळा उभारण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.